एकोणीस वर्षांचं पाणी

थेंबमोजे हे त्यांचं खरं आडनाव नव्हतं. खरं आडनाव हजेरीपटावर होतं आणि हजेरी घेणारा कारकून सोडला तर इस्पितळात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चुकून कुणी त्या नावानं हाक मारली, तर खुद्द थेंबमोजेच मागे वळून कोण आलंय ते बघत.

नाव पडलं ते कामावरून. रोज सकाळी सात वाजता ते इस्पितळाच्या तळघरातल्या बॉयलर-खोलीत येत, कोट खुंटीला लावत, काचेच्या नळीत थोडं पाणी घेत आणि त्यात चिमूटभर पूड टाकत. पाणी लाल होई. मग ते ड्रॉपरनं एकेक थेंब औषध सोडत आणि ओठांतल्या ओठांत मोजत. ज्या थेंबाला पाणी निळं होई, तो आकडा वहीत लिहीत. जितके थेंब जास्त, तितका पाण्यात चुना जास्त. शहराच्या नळाचं पाणी निळं व्हायला एकवीस थेंब लागत. थेंबमोज्यांच्या पाण्याला एक पुरे.

हे थेंबमोज्यांचं पाणी म्हणजे इस्पितळाच्या भिंतींमधून फिरणारं पाणी. चार मजले, एकशे बारा रेडिएटर, आणि सगळ्यांना ऊब देणारा तळघरातला एक बॉयलर. पाणी बॉयलरमध्ये तापायचं, पंपानं वर जायचं, रेडिएटरमधून हिंडून निवायचं आणि पुन्हा खाली तापायला यायचं. तेच पाणी. सहा हजार लिटर. थेंबमोज्यांनी ते स्वतः भरलं होतं, भाड्यानं आणलेल्या यंत्रातून चुना काढून, अकरा दिवस खपून. त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

"नवं पाणी म्हणजे चोर," ते म्हणत. "येताना चुना आणतं, हवा आणतं. चुना बॉयलरच्या नळ्यांवर बसतो, हवेनं लोखंड गंजतं. जुनं पाणी घरचं माणूस. त्याच्याजवळ होतं नव्हतं ते त्यानं पहिल्याच महिन्यात टाकून दिलं. आता ते काही देत नाही, काही नेत नाही, गप फिरतं."

यावर त्यांची बायको म्हणे, "अगदी तुमच्यासारखं."

दिसायला हे पाणी कोऱ्या चहासारखं काळपट होतं आणि त्याला लोखंडाचा वास येई. नवख्या माणसाला किळस यावी असंच ते होतं. थेंबमोजे मात्र आल्यागेल्याला ते काचेच्या ग्लासात दाखवत, आणि समोरच्यानं तोंड वाकडं केलं की त्या माणसाबद्दलचं त्यांचं मत कायमचं ठरे.

त्यांच्या टेबलावर कागदांवर ठेवायला एक लोखंडी तुकडा होता. तो आधीच्या बॉयलरच्या नळीचा. आधीचे फोरमन टापटिपीचे होते. भांडी घासावीत तसं ते दरवर्षी सगळं पाणी काढून टाकत आणि शहराच्या नळाचं ताजं, स्वच्छ, एकवीस थेंबांचं पाणी भरत. नऊ वर्षं हे चाललं. दहाव्या वर्षी, ऐन कडाक्यात, बॉयलरची नळी आतून भाजून फुटली. तीन दिवस इस्पितळ गार पडलं. थेंबमोजे तेव्हा नोकरीत नवे होते. ते आणि आणखी दोघे जिन्यानं घोंगड्या वाहत होते, आणि घोंगड्या संपल्यावर खिडक्यांचे पडदे वाहत होते. मग नळी कापली. अंगठा सहज जाईल एवढ्या भोकात चुना असा चढला होता, की आता पेन्सिलही आत जात नव्हती. तो तुकडा थेंबमोज्यांनी मागून घेतला. तेव्हापासून त्यांनी नव्या पाण्याशी दावा मांडला.

आता एवढा मोठा पाण्याचा जाणकार, तर त्याच्या घरची किटली कशी असेल? आतून पांढरीफटक, चुन्यानं अशी माखलेली की हलवली की खुळखुळ वाजे. दिव्याखाली अंधार. बायको ती किटली पाहुण्यांना दाखवी, थेंबमोजे ग्लासातलं पाणी दाखवत तशीच.

वहीतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना होता 'नवं पाणी'. नळ्यांतलं पाणी कमी झालं की शहराच्या नळातून आपोआप तेवढं आत येई, आणि किती आलं ते छोट्या मीटरवर दिसे. पंपाच्या तोंडाशी थोडं ठिबकायचं, तेवढंच. महिन्याला पाच लिटर. फार तर सहा. ज्या महिन्यात सहा होई, त्या महिन्यात थेंबमोजे घरी कमी बोलत.

तर अशा या माणसाची आई हिवाळ्याच्या तोंडाशी न्हाणीघरात पडली. वय चौऱ्याऐंशी, खुब्याचं हाड मोडलेलं. तिला याच इस्पितळात आणलं. तिसरा मजला, बायकांचा वॉर्ड, खाट नंबर नऊ. म्हणजे नळीच्या अगदी शेवटच्या टोकाचा रेडिएटर. थेंबमोज्यांना प्रत्येक रेडिएटरची तब्येत ठाऊक होती; हा त्यातला सगळ्यात अशक्त. पण खाट तीच रिकामी होती, आणि वशिला लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी फक्त पंपाचा वेग एक काटा वाढवला. तेही वहीत लिहिलं.

दिवसभर आईजवळ बायको बसे. सकाळी नऊला येई, संध्याकाळी सहाला जाई. ड्यूटी संपली की सव्वाचारला थेंबमोजे वर जात. आधी रेडिएटरला हात लावत, मग आईच्या पायांना. पाय गार असत. अंगावर दोन घोंगड्या असल्या तरी पाय गार. आई तक्रार करणारी नव्हती. "या वयाला पाय असेच असायचे," म्हणे, आणि बोटं आवळून घेई.

पाचव्या दिवशी बायको त्यांना म्हणाली, "अहो, त्या रेडिएटरमध्ये काहीतरी गुडगुडतंय. हवा असेल का?"

थेंबमोजे बायकोकडे बघतच राहिले. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिनं त्यांच्या कामाबद्दल विचारलेले प्रश्न म्हणजे 'किती वाजता येणार' आणि 'बूट बाहेर का नाही काढले'. आज ती रेडिएटरमधल्या हवेबद्दल विचारत होती. त्यांना फार आनंद झाला. खिशातून त्यांनी पितळेची छोटी चावी काढली, तिला खाली बसवलं आणि रेडिएटरच्या कडेचा पेच दाखवला.

"हा असा पाव फेरा. आधी फुस्स आवाज येईल, ती हवा. मग पाणी येईल. पाणी आलं की लगेच बंद."

"आणि नाही केलं बंद तर?"

"तर पाणी येतच राहील की."

"गरम?"

"साठ अंश," थेंबमोजे अभिमानानं म्हणाले.

"चावी राहू द्या माझ्याकडे," बायको म्हणाली. "सारखं तुम्हाला कशाला वर बोलवायचं?"

थेंबमोज्यांनी चावी दिली. त्या संध्याकाळी घरी जाताना ते शीळ वाजवत होते, असं शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून आईचे पाय गरम राहू लागले. सव्वाचारला जावं तर घोंगडीखाली शेकायची रबरी पिशवी, आणि पाय उबदार. आई म्हणाली, "तुझंच पाणी हो हे. छान आहे." थेंबमोज्यांना वाटलं, आई एकूणच आपल्या कामाचं कौतुक करतेय. ते खुशीत खाली आले आणि त्यांनी मीटर पाहिला. आठ लिटर.

त्यांनी मीटरवर टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी सोळा लिटर. चौथ्या दिवसापासून रोज चाळीस, ना एक कमी, ना एक जास्त.

वाचणाऱ्याला एव्हाना सगळं कळलंच असेल. थेंबमोज्यांना कळायला आणखी सोळा दिवस लागले.

चाळीस लिटर म्हणजे दिवसाला दोन चमचे चुना. त्यांनी हिशेब मांडला: महिन्याला अर्धा किलो, हिवाळा संपेपर्यंत दोन किलो, आणि सगळा नळ्यांवर, जिथे आग सगळ्यात जास्त तिथे. टेबलावरचा लोखंडी तुकडा त्यांनी उलटा करून ठेवला, भोक दिसू नये म्हणून. आणि ते गळती शोधायला निघाले.

गळती म्हणजे ओल. ओल म्हणजे डाग. थेंबमोज्यांनी चार मजल्यांच्या भिंती चाचपल्या. तळघरात पोटावर सरपटले. छताखालच्या पोकळीत शिरले आणि तिथे एक मेलेलं कबूतर आणि आधीच्या फोरमनचा हरवलेला पाना सापडला. एकशे बारा रेडिएटरखाली कोरडे कागद पसरले, दुसऱ्या दिवशी एकशे बारा कोरडे कागद गोळा केले. खाट नंबर नऊच्या रेडिएटरखालचा कागद तर त्यांनी बायकोकडूनच घेतला. "कोरडाच आहे," ती म्हणाली, आणि तो होताही कोरडा. ती एक थेंब सांडू देत नसे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

याच सुमारास इस्पितळात नवे साहेब आले. इमारतीची देखभाल आता त्यांच्याकडे. तरुण, हुशार, आणि चकचकीत बूट घालणारे. त्यांनी वहीत रोजचे चाळीस लिटर पाहिले, मग ग्लासातलं पाणी पाहिलं, आणि तोंड वाकडं केलं.

"हे पाणी आहे?"

"एकोणीस वर्षांचं आहे साहेब."

"ते दिसतंच आहे. इस्पितळ आहे हे. असलं गटारासारखं पाणी भिंतीतून फिरवता? आणि गळती सापडत नाही म्हणता. त्यापेक्षा सगळं काढून टाका. नळ्या रिकाम्या झाल्या की गळती कुठे आहे ते तपासता येईल, मग स्वच्छ पाणी भरा. किती दिवस लागतील?"

"चार," थेंबमोजे म्हणाले. "पण चार दिवस वॉर्ड गार पडतील. आणि नवं पाणी भरलं तर एका दमात अडीच किलो चुना आत जाईल."

"अडीच किलो." साहेब हसले. "तुम्ही वजन पण करता?"

थेंबमोज्यांनी लोखंडी तुकडा सुलटा करून साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो पाहिला, छान आहे म्हणाले, आणि परत ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी. पण माणूस वाईट नव्हता. "आठ दिवस देतो," ते म्हणाले. "गळती शोधा. नाही सापडली, तर सोमवारी पाणी काढायचं."

बाहेर रस्त्यावरच्या डबक्यांवर बर्फ धरत होता. थेंबमोजे खुर्चीत बसले. चार दिवस. तिसरा मजला, नळीचं शेवटचं टोक, चौऱ्याऐंशी वर्षं. घोंगड्या वाहिलेले ते तीन दिवस त्यांना आठवले. त्या वेळी तिसऱ्या मजल्यावरून दोन म्हाताऱ्यांना कायमचं खाली आणावं लागलं होतं. ते वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण वहीत तसा रकाना नव्हता. त्यांना भीती वाटली.

सहा दिवस शोधूनही काही हाती लागलं नाही, तेव्हा त्यांनी कपाट उघडून एक डबा काढला. रंगाचा. हा रंग पाण्यात घातला की पाणी पोपटी होतं. जिथे गळती असेल तिथे पोपटी डाग उठतो आणि चोर पकडला जातो. माणसाला त्याचा काही अपाय नाही, असं डब्यावर लिहिलेलं होतं. बॉयलरशेजारी औषध घालायचं एक झाकणाचं भांडं असतं. त्यात त्यांनी रंग ओतला, वरचा व्हॉल्व्ह उघडला आणि पोपटी रंग सहा हजार लिटरमध्ये निघून गेला. साहेबांना सांगितलं. प्लंबरला सांगितलं. वॉर्डांना सांगितलं नाही. वॉर्डांचा काय संबंध?

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता तळघरातला फोन वाजला. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर बोलत होत्या. "जरा वर या. तुमच्या आईंचं."

थेंबमोजे लिफ्टची वाट न बघता जिन्यानं तीन मजले चढले. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा तोंडचं पाणी पळालेलं होतं.

खाट नंबर नऊभोवती तीन डॉक्टर उभे होते. एक वयस्कर, दोन तरुण. घोंगडी बाजूला केलेली होती. आईची पावलं पोपटी होती. नखं, बोटं, टाचा. उजव्या पायाचा अंगठा तर कोवळ्या पानासारखा.

"असं आधी कधी झालं होतं?" वयस्कर डॉक्टर विचारत होते.

"माझे पाय इतके बरे कधीच नव्हते," आई म्हणाली.

"यकृताचा त्रास असू शकतो," एक तरुण डॉक्टर म्हणाला.

"फक्त पावलांत?" दुसरा म्हणाला.

"रक्त तपासायला पाठवा," वयस्कर म्हणाले. "आणि शेजारच्या खाटेचंही."

कारण शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंचे पायही पोपटी होते. त्यापलीकडच्या दोघींचेही. चौघी म्हाताऱ्या पाय उघडे टाकून पडल्या होत्या आणि एवढे डॉक्टर एकदम आपल्याकडे बघताहेत म्हणून खूश होत्या.

थेंबमोज्यांनी खाटेच्या पायथ्याची रबरी पिशवी उचलली. बुचापाशी ती जराशी पाझरत होती. बूच काढून त्यांनी वास घेतला. लोखंड. एकोणीस वर्षांचं लोखंड. तळहातावर थोडं पाणी घेऊन खिडकीशी नेलं. पोपटी.

मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोच्या हातात पितळेची चावी होती.

"रक्त तपासू नका," थेंबमोजे डॉक्टरांना म्हणाले. "बॉयलरचा रंग आहे. धुतला की जातो."

डॉक्टर गेले. तरुणांपैकी एकजण जरा हिरमुसला होता.

"अगं," थेंबमोजे म्हणाले, "चाळीस लिटर?"

"मी काय मोजत बसले का? मोजायचं काम तुमचं." बायको उभी राहिली. "सकाळी सातला स्वयंपाकघरातून एकदा गरम पाणी येतं. नऊपर्यंत गार. मग उद्या सकाळी. मधे काय करायचं? आधी आईंची एक पिशवी भरत होते. मग या तिघी बघायला लागल्या. त्यांच्याजवळ बसायला कोण आहे? एकीचंही कुणी येत नाही. त्यांना म्हणू, की पाणी फक्त बॉयलरवाल्याच्या आईला मिळतं?"

"अगं, पण जेवढं काढशील तेवढं नवं आत येतं. दिवसाला दोन चमचे चुना जातो. बॉयलर फुटेल एक दिवस."

"तुमचं पाणी दिवसरात भिंतींना ऊब देतंय," बायको म्हणाली. "दोन चमच्यांसाठी माणसाचे पाय गार ठेवू?"

चुना किती जातो ते थेंबमोज्यांना ठाऊक होतं. आईच्या पायांना किती ऊब लागते हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं. रोज सव्वाचारला पाय गार लागत, ते हळहळत आणि घरी जात; पंपाचा वेग एक काटा वाढवला होता, तेवढंच. बायकोनं एक पिशवी विकत आणली होती. त्यांना शरम वाटली.

तरीही त्यांनी हात पुढे केला. बायकोनं चावी त्यांच्या हातावर ठेवली, जरा जोरातच.

"भांडू नका," आई खाटेवरून म्हणाली. "त्याचं पाणी त्याला परत देऊन टाक गं सूनबाई. लहानपणापासून असाच आहे. एक गोटी हरवली तर जेवायचा नाही."

थेंबमोजे खाली गेले आणि त्यांनी वही उघडली. वहीत खोटं लिहायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी लिहिलं: 'गळती सापडली. जागा: तिसरा मजला, खाट नऊ. कारण: बायको. उपाय: चालू.'

ही नोंद साहेबांनी तीनदा वाचली. "उपाय चालू म्हणजे?"

"समजूत काढतोय साहेब."

"बायकोची?"

"नाही. माझी."

दुसऱ्या दिवशी रविवार, सुट्टीचा. थेंबमोजे सकाळी आठला वॉर्डात हजर. काखोटीला पत्र्याचा वाकवलेला ट्रे, खिशात थर्मामीटर, आणि मोठ्या सिस्टरांकडून मागून घेतलेल्या चार रबरी पिशव्या. ट्रे त्यांनी रेडिएटरच्या माथ्यावर घट्ट बसवला. चार पिशव्या चौघींच्या पायांशी होत्याच. नव्या चार त्यांनी स्वतः चावी फिरवून शेवटच्या म्हणून भरल्या आणि ट्रेवर मांडून वर घडी केलेलं घोंगडं टाकलं. दोन तासांनी थर्मामीटर लावला. बावन्न अंश.

"आता हे बघ," ते बायकोला म्हणाले. "पायाजवळची गार झाली की ट्रेवर. ट्रेवरची पायाजवळ. पाणी ओतायचं नाही, नवं भरायचं नाही. तेच पाणी. फिरत राहील."

बायकोनं ट्रेकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं.

"म्हणजे तुमच्या बॉयलरसारखंच."

"हो."

"मग हे आधी का नाही सुचलं?"

"आधी कुणी विचारलं नाही," थेंबमोजे म्हणाले. मग ट्रेवरचं घोंगडं सारखं करत म्हणाले, "आणि मीही विचारलं नाही."

सोमवारी मीटर जागचा हलला नाही. मंगळवारी नाही. साहेबांनी आठवडाभर रोज काटा पाहिला आणि पाणी काढायचा विषय पुन्हा निघाला नाही. नव्याचे नऊ दिवस संपले होते. ते आता फाटकाला कोणता रंग द्यावा याच्या विचारात होते. थेंबमोज्यांनी त्यांना एकदा पाण्याचा ग्लास दाखवला. पाणी अजून थोडं पोपटी होतं. साहेबांनी या वेळी तोंड वाकडं केलं नाही, म्हणून थेंबमोज्यांनी त्यांच्याबद्दलचं मत बदललं. आयुष्यात पहिल्यांदा.

हिवाळाभर तिसऱ्या मजल्यावर दर दोन तासांनी पिशव्यांची अदलाबदल होत राहिली. पोपटी रंग पायांवरून आठ दिवसांत गेला. आईला त्याचं जरा वाईट वाटलं. सव्वाचारची अदलाबदल थेंबमोजे स्वतः करत. पिशवी पायाशी ठेवली की निवायला किती वेळ लागतो तेही त्यांनी मोजलं होतं: दोन तास दहा मिनिटं.

थंडी ओसरायच्या आठवड्यात आई गेली. दुपारची वेळ. बायको जवळच होती. तिनं खाली निरोप पाठवला. थेंबमोजे वर आले. या वेळीही जिन्यानं. आले ते रेडिएटरला हात न लावता आधी खाटेपाशी गेले आणि घोंगडीखाली हात घालून त्यांनी आईचे पाय धरले.

पाय गरम होते.

हे पिशवीमुळे, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. पिशवी किती वाजता ठेवली, ते त्यांनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, आत्ताच, दोन वाजता. डॉक्टर आले, सही करून गेले. मोठ्या सिस्टर आल्या, पुढचं काय करायचं ते विचारायला. थेंबमोजे म्हणाले, जरा थांबा. ते स्टुलावर बसले, आईच्या पायांवर हात ठेवून. कुणी त्यांना उठवलं नाही. चार वाजून दहा मिनिटांनी ते उठले.

नंतरचं सगळं आटोपलं. खाट नऊवर दुसरं माणूस आलं. दहा-बारा दिवसांनी एका सकाळी बॉयलर-खोलीच्या दारात बायको उभी राहिली. लग्नाच्या एकोणतीस वर्षांत ती इथे पहिल्यांदा येत होती. पुसलेली फरशी, ओळीनं टांगलेले पाने, आरशासारखे चकचकीत मीटर, सगळं तिनं पाहिलं.

"घरी का नाही असं ठेवत?" ती म्हणाली.

मग हातातल्या कापडी पिशवीतून तिनं आईची रबरी पिशवी काढली. भरलेली. गार.

"ही राहून गेली होती कपाटात. आई म्हणाल्या होत्या ना, त्याचं पाणी त्याला परत देऊन टाक."

थेंबमोज्यांनी पिशवी हातात घेतली. दोन लिटर. बाहेर राहिलेलं पाणी हवा धरतं. नियमानं ते मोरीत ओतायला हवं. हा नियम त्यांनी स्वतःच लिहून भिंतीवर लावलेला होता, आणि आत्ता तो त्यांच्या डोळ्यांसमोरच होता. सवयीनं त्यांनी काचेची नळी काढली, थोडं पाणी घेतलं, चिमूटभर पूड टाकली. लाल. एक थेंब सोडला. निळं.

"चांगलं आहे?" बायकोनं विचारलं.

"चांगलं आहे."

त्यांनी औषधाच्या भांड्याचं झाकण उघडलं आणि पिशवी तिच्या हातात परत दिली. "ओत तूच."

तिनं ओतलं, एक थेंब न सांडता. त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. पंप चालू होता. पाणी नळीतून वर गेलं. पहिल्या मजल्यावर, दुसऱ्या मजल्यावर, आणि पंपाचा वेग त्यांना ठाऊक होता त्याप्रमाणे साडेसहा मिनिटांनी तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या टोकाला. दोघं तेवढा वेळ उभे होते. थेंबमोज्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

मग त्यांनी वही उघडली आणि पेन बायकोकडे दिलं.

"काय लिहू?"

"नवं पाणी: शून्य," थेंबमोजे म्हणाले. "त्याखाली लिही, जुनं पाणी परत आलं: दोन लिटर."

तिनं लिहिलं. त्या वहीत दुसऱ्याच्या अक्षरातली तेवढी एकच ओळ आहे.